आईला मस्कत दाखवायला नेताना घ्यावयाची काळजी

परवा मस्कतहून परत आले. पाच दिवस, चार रात्री. सोबत आमची मुलगी, वय वर्षे 38, पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. मी ओमानमधल्या मस्कतला 1984 ते 1996 अशी बारा वर्षं संसार केला. ही बया तिथेच जन्मली, तिथेच रांगली. तेव्हा साहजिकच मला मस्कत दाखवण्याची जबाबदारी तिच्यावर होती. आमचे हे शहाणे. "तुम्ही मायलेकी जाऊन या, मी पाहिलंय," म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

हा आता घरोघरी नवा कुळाचार झालाय. गल्फात नोकऱ्या करून परतलेल्या म्हाताऱ्यांना त्यांची मुलं 'एकदा परत दाखवून आणतात'. ज्यांच्या आईचा नंबर अजून लागायचाय, त्या मुलांसाठी चार सूचना करते. वहीत उतरवून घ्या. वही नसेल तर तुम्ही जिथे सगळं उतरवता तिथे उतरवा.

सगळ्यात आधी, आईला तारीख विचारू नका. सरप्राइज द्या. जून महिना उत्तम. तिकिटं स्वस्त असतात. का स्वस्त असतात हा प्रश्न मनात आणायचा नाही. मस्कतला राहिलेली कुठलीही बाई सांगेल, शाळा बंद झाल्या रे झाल्या की आम्ही पोरं आणि दोरीने आवळलेली खोकी घेऊन इंडियात पळायचो, आणि नवरे मागे खिचडी खात उकडायचे. पंचेचाळीस अंश, वर समुद्राची चिकचिक. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि समोरचं काही दिसत नाही. पण हे आईला माहीत असतं, म्हणजे ते जुनं झालं. तुम्ही हवामानाचं ॲप बघा. त्यात हसरा सूर्य असतो, छान वाटतं.

विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवा. गुडघे तिचे शाबूत असले तरी रांग तुमची वाचते.

राहायला हॉटेल नको, अपार्टमेंट घ्या. 'लोकल फील' येतो. आम्हाला तो पोचल्या दुपारीच आला. न्हाणीघरातून किंकाळी. थंड पाण्याच्या नळातून चहा टाकण्याजोगं पाणी! गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, दुसरं काय होणार? तिथे उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा आणि गरम पाण्याचा नळ सोडायचा. गीझरमधलं पाणी घरातल्या एसीत बसून निवलेलं असतं. बारा उन्हाळे मी अशाच आंघोळी घातल्यात, हिलाही. दाराबाहेरून ओरडले, "गीझरचं बटण बंद करून ठेव, रात्री लाल नळ सोड." आतून उत्तर, "आई, थांब, मी होस्टला मेसेज टाकलाय." रात्री होस्टचं उत्तर आलं: गीझर बंद ठेवा, गरम नळ वापरा. तिने ते मला वाचून दाखवलं. "बघ ना, कसली भारी ट्रिक आहे!" तर हे लक्षात ठेवायचं. आईने सांगितली तर कटकट, परक्याने टाइप केली तर ट्रिक.

वेळापत्रक एक्सेलमध्ये करा, प्रत्येक रांगेला वेगळा रंग. आमच्यात शुक्रवार सकाळ, 10 ते 12, मत्रा सूक, म्हणजे तिथला जुना बाजार. रंग केशरी. मी म्हटलं, अगं शुक्रवार आहे, सकाळी कुणी शटर वर करत नाही. "गूगलवर ओपन दाखवतंय, आई." गेलो. गूगल उघडं, सूक बंद. मग दोघी कॉर्निशवरच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावरच्या, बाकावर. बाकही तापलेला. समोर बंदरात सुलतानाची बोट, मागे बंद दुकानं, आणि सावलीत एक मांजर. त्या मांजराला शुक्रवार कळत होता.

एक कबूल करते. गुरुवारी बँक बंद असणार म्हणून मी हटून बसले होते, ते माझं चुकलं. आमच्या वेळी सुट्टी गुरुवार-शुक्रवार, 2013 पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. नव्हतं मला माहीत. तेवढं एक माहीत नव्हतं, आणि पुढचे चार दिवस मला तेवढंच ऐकवलं गेलं.

स्थानिक भाषेचा मान राखा. संध्याकाळी सूक एकदाचा उघडला. लोबान घ्यायचा होता. मुलगी फोनशी मराठीत बोलली, फोन दुकानदाराशी झोकात अरबीत बोलला, आणि दुकानदाराने केविलवाण्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. पोरगा केरळातल्या कासरगोडचा. "अम्मा, मोबाइल क्या बोलता?" मग मी रुवीच्या, म्हणजे आम्ही राहायचो त्या भागातल्या, हिंदीत भाव केला, जसा बारा वर्षं करत आले. इकडे कानाशी कुजबुज, "आई, प्लीज, ऑकवर्ड होतंय." तीन रियालचा लोबान दोनला सुटला तेव्हा तिने ऑफिससाठी चार पुड्या उचलल्या. तेव्हा नाही झालं ऑकवर्ड. आणि बाहेर पडता पडता मला माहिती, "तुला ठाऊक आहे, 1970 पर्यंत इथे आपल्या रिझर्व्ह बँकेचा गल्फ रुपया चालायचा?" ठाऊक आहे, बाई. आमच्या खालच्या कच्छी शेठनी गल्ल्याच्या तळातून काढून ती नोट माझ्या हातात दिली होती. तू तेव्हा माझ्या कडेवर होतीस आणि ती तोंडात घालायला बघत होतीस.

जुन्या मस्कतमधलं, राजवाड्याजवळचं महादेवाचं देऊळ आईला 'हिडन जेम' म्हणून दाखवा. महाशिवरात्रीच्या रांगा तिने तिथे काढल्या असतील तर ते बोलू देऊ नका, व्हिडिओ लांबतो.

जेवायला रेटिंग बघूनच जा. मला हवा होता कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातला पराठा, आत चीज आणि चुरडलेले 'चिप्स ओमान' वेफर्स. आमच्या वेळच्या पोरांचा तो प्राणवायू होता. "आई, ते अनहेल्दी." मग 'ऑथेंटिक' जागी नेऊन शुवा म्हणजे काय ते मला मेन्यूतून समजावण्यात आलं. ईदला शेजारच्या बलुची बाईकडून यायचा आमच्याकडे, जमिनीतल्या भट्टीत दिवस-दिवस शिजलेला मटणाचा प्रकार. मी शाकाहारी, आमचे हे ताट पुसून खायचे. त्या बाईचं नाव काय, ती कुठे गेली, हे मेन्यूत नसतं.

आईने रुपयांत हिशेब केला तर लगेच टोका. "कन्व्हर्ट नको ना करूस, मजा जाते." खरंय. 1986 मध्ये एका रियालला 2.60 डॉलर असा दर बांधला, तो आजही त्याच खुंटीला आहे. आपला रुपया मात्र दावं तोडून गेला. सुरुवातीला रियालचे तेहतीस-पस्तीस यायचे, आता दोनशेच्या वर. पण अगं, ते कन्व्हर्ट करून करूनच ठाण्याचा फ्लॅट उभा राहिला. दर महिन्याला हे ड्राफ्ट काढायचे आणि मी पाठच्या कागदावर गुणाकार करायचे. त्या गुणाकारावर तुझं इंजिनिअरिंग झालं. तेव्हा आली होती मजा.

असो. सूचना चालल्या होत्या.

आता मुख्य सूचना, जुन्या घराची. शीटमध्ये रुवीला 40 मिनिटं होती. रंग करडा. "रुवीत बघण्यासारखं काही नाहीये गं, रिव्ह्यूज बघ." बरोबर. रुवी काय आहे ते मी समजावत बसत नाही. ज्यांनी ती काढली त्यांना कळेल. पोस्टाच्या पेटीची किल्ली, सुट्टीच्या दिवशी फोनच्या बूथपुढची रांग, घड्याळात तीन मिनिटं होईपर्यंत घाईघाईने विचारलेली सगळ्यांची खुशाली, कॅसेटमध्ये भरून पाठवलेली पत्रं. कॅसेटवर हिचं पहिलं 'आजी' आहे. ठाण्याला माळ्यावर असेल.

दुपारचे साडेतीन, कारण सूर्यास्ताची वेळ दुसऱ्या जागेसाठी राखीव होती. इमारत उभी होती. रंग बदललेला, खालच्या लाँड्रीच्या जागी मोबाइलचं दुकान. तिसरा मजला, डावीकडची बाल्कनी. कुणाच्या तरी लहान मुलाचे कपडे वाळत होते. दोरी आम्ही बांधायचो तिथेच, त्याच दोन खिळ्यांना. मी वर बघितलं आणि माझ्या तोंडून आपोआप सुरू झालं.

ऑगस्ट 1990. दोन तारखेला इराकने कुवेत घेतलं. हे साइटवर, सूर नावाच्या गावी. घरात मी आणि ही, तीन वर्षांची. उद्या काय होणार, कुणाला पत्ता नाही. मस्कत तसं लांब, पण लांब म्हणजे किती लांब, हे रात्री कोण सांगणार? शेजारणीचा भाऊ कुवेतमध्ये अडकलेला. तो जिवंत आहे की नाही, महिनाभर कळलं नाही. ती रोज रात्री उशी घेऊन माझ्याकडे झोपायला यायची. एअर इंडियाने तेव्हा अम्मानहून लाखाहून जास्त माणसं मुंबईला आणली, त्यात तो आला. ती खबर त्याच जिन्यावर आली, त्याच तिसऱ्या मजल्यावर. आणि मी एक बॅग भरून दाराशी ठेवली होती. महिनाभर ती तशीच होती, रात्री उठले की अंधारात पायाला लागायची.

हे सगळं मी तुम्हाला आत्ता सांगतेय. तिथे मी 'ऑगस्ट नव्वद' एवढंच म्हटलं होतं.

"आई, थांब थांब. ऑडिओ नीट येत नाहीये, मागे ट्रक आहे. परत एकदा वर बघ. आणि जरा असं बघ, की पहिल्यांदाच बघतेयस."

पहिल्यांदा! नऊ वर्षं राहिले त्या घरात!

बघितलं. मध्ये एक सायकलवाला आला. पुन्हा बघितलं. तिसऱ्या खेपेला डोळ्यांत पाणी आलं. उन्हाने. साडेतीनचं ऊन होतं, जूनमधलं, सांगितलं ना मघाशी. पोरगी खूश. "परफेक्ट!"

मी म्हटलं, चल, वर जाऊ, बेल वाजवू. "आई, लोकांना प्रायव्हसी असते. आणि कॅब बुक झालीये." तेवढ्यात वरची बाई कपडे काढायला बाल्कनीत आली. खाली आम्हा दोघींना बघून हसली. हातसुद्धा केला. मी हात वर करतेय तोवर कॅबचं दार उघडलं होतं.

मग आम्ही कुरुमच्या किनाऱ्यावर काचेआड बसून साडेचार रियालची वाफल खाल्ली. हजार रुपये. केलं मी कन्व्हर्ट.

याच्या पुढे औषधांच्या डबीबद्दल एक सूचना होती, पण पुरे झाल्या आता सूचना. माझ्याच्याने हे गोडगोड लिहिणं होत नाही.

अरे, तुम्ही नेता कशाला आम्हाला? पैसे तुमचे, मान्य. हौस तुमची, मान्य. तुम्ही हात धरून रस्ता ओलांडून देता, गोळ्यांचे गजर लावता, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाच दिवसांत तू कॅबवाल्याला विचारलंस, होस्टला विचारलंस, कुण्या बेल्जियमच्या पोराने लिहिलेल्या 'मस्कत इन 72 अवर्स'ला विचारलंस. मला काय विचारलंस? "पाणी प्यायलीस का" आणि "गोळी घेतलीस का". दोनच प्रश्न. पाच दिवस! त्या जिन्यावरून तू गडगडली होतीस. हनुवटीखाली तीन टाके पडले, रोज आरशात दिसते ती खूण, आणि तू मला तिथे उभं करून सांगतेस की इथे बघण्यासारखं काही नाही? लाज वाटायला हवी. आणि ही एकटी नाही. आमच्या भिशीतल्या चौघींच्या मुलांनी हेच केलंय, कुणी दुबईत, कुणी बहारीनला. गल्लीचं नाव आईला तोंडपाठ आणि पुढे चालतोय कोण, तर फोन हातात धरलेला मुलगा, उलट्या दिशेने! तिने "अरे, इकडे" म्हटलं की "आई, आता बदललंय गं सगळं." बदललंय ना? मग जे बदलायच्या आधीचं आहे ते विचार की! ते कुठे मिळणार आहे तुला, कुठल्या ॲपवर?

रील लावलीये तिने. पंचवीस सेकंदांची. 'आई रिटर्न्स टू मस्कत', खाली तीन बदाम. ज्या आवाजासाठी मला तीनदा उन्हात उभं केलं, तो आवाज काढून टाकलाय आणि वर कसलंसं गाणं लावलंय.

काल रात्री फोन आला, "आई, लाइक्स बघितलेस का?"

बघितले. त्या बॅगेत काय भरलं होतं ते विचार आधी, मग मोज तुझे लाइक्स.