मूल पडून लगेच रडले, म्हणजे धोका टळला का?

नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: मूल डोक्यावर पडून लगेच रडले तर धोका टळला, दिवसभर त्याला झोपू देऊ नका, टेंगूळ चोळून जिरवा, दवाखान्यात नेलेत तर उगाच सीटी स्कॅन करायला लावतात.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे. लगेच रडण्यावरून मूल त्या क्षणी शुद्धीवर होते, एवढेच कळते. कवटीच्या आत रक्तवाहिनी फाटली असेल, तर रक्त साकळून मेंदूवर दाब येईपर्यंत मूल खाते, बोलते, खेळतेसुद्धा. पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या उभ्या, अंधाऱ्या जिन्यावरून शेजारचा चार वर्षांचा मुलगा गडगडला, तेव्हा तोही लगेच रडला आणि मग आजीच्या मांडीवर बसून त्याने बिस्किटे खाल्ली. दोन तासांत त्याला तीन उलट्या झाल्या, आणि नावाने हाक मारली की तो डोळे किलकिले करून पुन्हा मिटू लागला. ‘रडला होता ना,’ असे घरातले म्हणत होते. त्याच्या आईने ऐकले नाही, म्हणून शस्त्रक्रिया वेळेत झाली.

वारंवार उलट्या, गुंगी, झटके, चालताना झोक जाणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, डोळ्यांच्या लहान-मोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या, तान्ह्या बाळाची फुगलेली टाळू, यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करावा. बेशुद्ध मुलाला पाणी पाजू नये.

झोपेविषयीचा सल्ला अर्धवट आहे. तपासणीत धोका आढळला नसेल, तर थकलेल्या मुलाला खुशाल झोपू द्यावे. मात्र डॉक्टर सांगतील तसे अधूनमधून उठवून ते ओळखते का, नीट बोलते का, हे पाहावे. टेंगूळ चोळू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा.

स्कॅनच्या किरणोत्साराची भीती मात्र अनाठायी नाही, आणि डॉक्टरांनाही ती असते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 42,000 हून अधिक मुलांच्या अमेरिकेतील अभ्यासातून स्कॅन कोणाला टाळता येईल याचे निकष तयार झाले. त्यामुळे बऱ्याच मुलांना काही तास नजरेखाली ठेवणे पुरते. पण स्कॅन नको, हे ठरवण्यासाठीही मुलाला आधी डॉक्टरांनी तपासावे लागते.