‘व्हिज्युअल स्टुडिओ नसेल तर गेम विसरा’ : हे खरं नाही

इचलकरंजीच्या, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला एक मजकूर पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, "ताई, माझ्या लॅपटॉपला आठच जीबी रॅम आहे. मग हा नाद सोडून देऊ का?"

तो मजकूर बऱ्याच जणांकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खरे गेम डेव्हलपर व्हिज्युअल स्टुडिओच (मायक्रोसॉफ्टचा, कोड लिहायचा मोठा प्रोग्राम) वापरतात. त्याच्याशिवाय अनरियल या इंजिनमधला, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधला, गेम तयारच होत नाही. व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचाच, कोड लिहायचा हलका एडिटर वेबसाइटवाल्यांसाठी आहे, त्यात युनिटी या दुसऱ्या इंजिनचं ऑटोकंप्लीटसुद्धा (टाइप करताना पुढचं सुचवणं) येत नाही. रायडर हा आणखी एक एडिटर विकत घ्यावा लागतो. गोडॉट या तिसऱ्या इंजिनच्या आतला एडिटर म्हणजे पोरखेळ. आणि सोळा जीबी रॅम नसेल तर सुरुवातच करू नका.

मी व्हिज्युअल स्टुडिओ जवळजवळ रोज उघडते आणि तो मला आवडतो. पण एका मुलीने शिकायचं थांबवावं असं काही त्या मजकुरात आहे का, हे एकेक मुद्दा घेऊन बघायला हवं.

"खरे डेव्हलपर तोच वापरतात." डूम हा गेम आला १९९३ साली. तो नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर लिहिला गेला, आणि व्हिज्युअल स्टुडिओ या नावाचं पहिलं पॅकेज आलं १९९७ मध्ये. जुनं उदाहरण नको असेल तर २०२४ चा बालात्रो घ्या. तो लुआ भाषेत, लव्ह नावाच्या फ्रेमवर्कवर बनला. या फ्रेमवर्कसोबत कुठलाच एडिटर येत नाही, ज्याला जो सोयीचा तो त्याने वापरायचा. सेलेस्ट या गेमचं पहिलं छोटं रूप तर पिको-८ या छोट्या, काल्पनिक गेम कन्सोलवर चार दिवसांत झालं होतं. पिको-८ मधला कोड एडिटर १२८ बाय १२८ पिक्सेलच्या पडद्यावर चालतो, एका ओळीत जेमतेम तीसेक अक्षरं दिसतात. आणि मॅकवर काम करणाऱ्यांचं काय? व्हिज्युअल स्टुडिओ फॉर मॅक मायक्रोसॉफ्टने ३१ ऑगस्ट २०२४ ला बंद केला, लिनक्सवर तो कधी नव्हताच. आयफोनचे गेम मॅकवरच बिल्ड करावे लागतात. ते करणारे सगळे खोटे डेव्हलपर ठरत नाहीत.

अनरियलबद्दलचं वाक्य मात्र अर्धं खरं आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. विंडोजवर अनरियलचा सी++ कोड कंपाइल करायला मायक्रोसॉफ्टचा कंपायलर लागतो, आणि तो व्हिज्युअल स्टुडिओसोबत येतो. पण तोच कंपायलर ‘बिल्ड टूल्स’ म्हणून वेगळाही मिळतो. कोड टाइप करायची जागा वेगळी, तो यंत्राला समजेल असा करणारा कंपायलर वेगळा, आणि चालता गेम मधेच थांबवून आत डोकावू देणारा डीबगर वेगळा. व्हिज्युअल स्टुडिओत तिन्ही एकत्र नांदतात, म्हणून ते एकच वाटतात. अनरियलसाठी कंपायलर मायक्रोसॉफ्टचा आणि एडिटर रायडर, अशी जोडी अनेक जण वापरतात.

आता व्हीएस कोड. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण ही तक्रार करणारे खोटं बोलत नाहीत. त्यांना ऑटोकंप्लीट खरंच दिसत नाही. पण कारण भलतंच असतं.

युनिटीचे क्लास कुठले, त्यांच्यात फंक्शन कुठली, हे कुठल्याही एडिटरला आपोआप ठाऊक नसतं. युनिटी स्वतः काही प्रोजेक्ट फाइल तयार करते आणि एडिटर त्या वाचतो. तुम्ही एकच स्क्रिप्ट डेस्कटॉपवरून उघडलीत तर व्हीएस कोडला पुढचं-मागचं काहीच कळत नाही. म्हणून आधी युनिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘एक्स्टर्नल टूल्स’मध्ये व्हीएस कोड निवडायचा. मग पॅकेज मॅनेजरमध्ये ‘व्हिज्युअल स्टुडिओ एडिटर’ हे पॅकेज २.०.२० किंवा त्यापुढचं आहे ना, ते बघायचं. नावावर जाऊ नका: ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड एडिटर’ असं दुसरं एक पॅकेज होतं, ते आता टाकून दिलेलं आहे आणि नेमकं तेच घेऊन लोक फसतात. शेवटी व्हीएस कोडमध्ये मायक्रोसॉफ्टचं ‘युनिटी’ हे एक्स्टेन्शन टाकायचं. ते २०२३ मध्ये आलं. त्याआधीच्या काळात या जोडीने खरोखर छळलं होतं, आणि तेव्हाची बदनामी अजून चिकटून आहे. एवढं केलं की सजेशन येतात, ब्रेकपॉइंट (ठरल्या ओळीवर गेम थांबवणारी खूण) लागतो, चालू गेमला डीबगर अटॅच होतो.

हे नीट जोडणं का महत्त्वाचं, ते सांगते. युनिटी तुमची काही फंक्शन फक्त नावावरून ओळखते. ‘अपडेट’चं पहिलं अक्षर चुकून लहान पडलं, किंवा २डी गेममध्ये ‘ऑन ट्रिगर एंटर’च्या पुढचं ‘२डी’ राहिलं, तर एरर येत नाही. कोड कंपाइल होतो, गेम चालतो आणि ते फंक्शन कधीच बोलावलं जात नाही. नवखी मुलं अशा जागी रात्र घालवतात आणि शेवटी स्वतःच्या अकलेवर शंका घेतात. युनिटी ओळखणारा एडिटर नाव बरोबर असेल तर ते टाइप करतानाच सुचवतो. रायडर तर अशा फंक्शनशेजारी खूण दाखवतो, आणि ‘अपडेट’मध्ये दर फ्रेमला महाग पडणारं काही लिहिलंत तर तेही दाखवून देतो.

रायडर विकत घ्यावा लागतो, हे आता सर्वांसाठी खरं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून बिनव्यावसायिक कामासाठी तो मोफत आहे. अट एवढीच की वापराची निनावी माहिती कंपनीकडे जाते आणि ते बंद करता येत नाही. गेम विकायचा असेल तर परवाना घ्या, किंवा व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी वापरा. एकट्या डेव्हलपरला ती विक्रीसाठीही मोफत आहे.

नोकरीचं भय या मजकुरात उघड लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याला ते जाणवतं. मोठ्या स्टुडिओत, विशेषतः एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनच्या कामात, व्हिज्युअल स्टुडिओचं वजन मोठं आहे. कन्सोलची टूल्स बऱ्याच अंशी त्याच्याशीच जोडलेली असतात. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्या मुलांसाठी लांबचा नाही. पण ब्रेकपॉइंट लावणं, कॉल स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी) वाचणं, व्हेरिएबलवर लक्ष ठेवणं हे एका एडिटरमध्ये जमलं की दुसऱ्यात बटणं शोधायला फार तर आठवडा जातो. ते कुठेच न शिकणं महागात पडतं.

रॅमचं म्हणाल, तर ती एडिटरपेक्षा इंजिन जास्त मागतं. अनरियल ५ साठी ते बनवणारी एपिक कंपनी स्वतः ३२ जीबी सुचवते, तिथे आठ जीबीवर हट्ट करू नका, हे मी तिलाही सांगितलं. पण गोडॉटचं डाउनलोड दीडशे एमबीच्या आतलं आहे आणि एडिटर त्यातच येतो.

आणि तोच हा ‘पोरखेळ’. सी# भाषेत लिहायचं असेल तर तो खरंच अपुरा पडतो, बाहेरचा एडिटर घ्यावा. गोडॉटच्या स्वतःच्या जीडीस्क्रिप्ट भाषेसाठी मात्र त्याला जे दिसतं ते सगळं बाहेरच्यांना दिसत नाही. त्या मुलीने गोडॉट घेतला आणि पंधरा दिवसांत तिचा पुढचा निरोप आला: खेळाडू नाण्याला शिवतो, पण नाणं गोळा होत नाही. मी म्हटलं, फंक्शनच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लाव. गेम तिथे थांबलाच नाही, म्हणजे फंक्शन कुणी बोलावतच नव्हतं. मग तिला डावीकडे, ओळीच्या आकड्याशेजारी बघायला सांगितलं. सिग्नल, म्हणजे ‘असं घडलं’ हे फंक्शनला कळवणारा निरोप, जोडलेला असेल तर गोडॉट तिथे हिरवी खूण दाखवतो. तिने फंक्शन व्हिडिओत बघून हाताने लिहिलं होतं, सिग्नल जोडायचा राहून गेला होता. तिने तो जोडला आणि हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, आता नाणी मोजायचा स्कोअर कुठे ठेवू?"