‘मुलूख आपसूक पदरात पडला’ हा दावा तहाच्या कलमांपुढे टिकत नाही

एक मजकूर गेली काही वर्षं फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: इंग्रज व्यापाराला आले होते, राज्य करण्याचा त्यांचा इरादा नव्हता, आपण आपसांत भांडलो आणि मुलूख त्यांच्या पदरात आपसूक पडला. सातारा, नागपूर, झाशी ही संस्थानं वारस नव्हता म्हणून नियमाप्रमाणे खालसा झाली. अयोध्या बेबंदशाहीमुळे गेली. आणि या सगळ्यात ईस्ट इंडिया कंपनीला फायदा तर नाहीच, उलट लढायांच्या खर्चानं ती बुडाली.

यातलं एकेक विधान तपासून पाहू.

‘राज्य करण्याचा इरादा नव्हता’

या विधानाला एक खरा आधार आहे, तो आधी मान्य करायला हवा. १७८४ च्या पिटच्या कायद्यात ब्रिटिश संसदेनं लिहून ठेवलं होतं की हिंदुस्थानात मुलूखगिरी करणं राष्ट्राच्या इच्छेला, इभ्रतीला आणि धोरणाला सोडून आहे. कंपनीचे लंडनमधले संचालकही खर्चाला भिऊन लढायांना विरोध करत.

पण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा घालून येणाऱ्या पत्राला कित्येक महिने लागत. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल आधी तह करून मोकळा होई आणि मग कळवी. वेलस्लीनं (१७९८ ते १८०५) हेच केलं. संचालक वैतागले, १८०५ मध्ये तो परत गेला. मुलखाचं काय झालं? ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना परत मिळाले. गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली, आग्रा, कटक कंपनीकडेच राहिले. माणूस परत बोलावला आणि त्यानं घेतलेला बहुतेक मुलूख ठेवून घेतला. इरादा मोजायचा तर या ठेवून घेण्यावरून मोजावा.

‘आपण भांडलो म्हणून’

भांडलो हे खरं आहे. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला तिथं तह झाला. आपल्याकडे गोष्ट इथंच थांबते: बाजीराव नालायक, विषय संपला. पण त्या तहाची कलमं बाजीराव वसईला पोचण्याच्या कितीतरी आधी तयार होती. निजामानं १७९८ आणि १८०० मध्ये त्याच साच्याच्या तहांवर सह्या केल्या होत्या, अयोध्येच्या नवाबानं १८०१ मध्ये. भांडणामुळे गिऱ्हाईक दारात आलं. दुकान आधीच मांडलेलं होतं.

तैनाती फौजेचा हा साचा कसा चाले ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं बहुतेक सगळं त्यातून निघतं. वसईच्या तहानं पेशव्यानं किमान सहा हजार कवायती पायदळ आणि त्याचा तोफखाना कायमचा आपल्या मुलखात ठेवून घ्यायचा होता. त्याच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख महसुलाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचं नाही. निजाम आणि गायकवाडांशी असलेले तंटे कंपनीच्या निवाड्यावर सोडायचे. कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत. फौज पेशव्याच्या रक्षणाची, हुकूम मात्र कंपनीच्या अंमलदारांचा.

जिथं मुलखाऐवजी रोख रक्कम ठरली, तिथं पुढचा पेच हमखास यायचा. शिपायाचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. सारा वसूल होतो खरीप आणि रब्बीच्या हप्त्यांनी, पाऊस हुकला तर तोही तुटतो. मधले महिने सावकाराच्या कर्जावर काढायचे, व्याज चढायचं, हप्ता थकायचा. मग रेसिडेंट, म्हणजे दरबारात नेमलेला कंपनीचा प्रतिनिधी, मोठ्या सौजन्यानं सुचवायचा की रोज तगादा नको, त्यापेक्षा मुलूखच तोडून द्या. अयोध्येत हे आकड्यांत दिसतं. १७९८ च्या तहानं नवाब सादत अली खानावर वर्षाला ७६ लाखांची रक्कम बसवली. तीन वर्षांनी फौज वाढवली आणि रकमेच्या बदल्यात त्याच्याकडून रोहिलखंड, गोरखपूर आणि दुआबाचा खालचा भाग घेतला. त्या मुलखाचा महसूल होता सुमारे १ कोटी ३५ लाख. जवळजवळ अर्धं राज्य गेलं, आणि त्यासाठी एकही लढाई झाली नाही.

‘फितुरी’ या शब्दाबद्दलही थोडं. ती झाली, पण ती नशिबानं मिळालेली देणगी नव्हती. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीनं जाहीरनामा काढून शिंद्यांच्या कवायती फौजेतल्या ब्रिटिश अंमलदारांना नोकरी सोडल्यास पैशाची हमी दिली; ऐन युद्धाच्या तोंडावर पलटणींचे अधिकारी निघून गेले. ११ फेब्रुवारी १८१८ ला कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन यानं साताऱ्यात जाहीरनामा काढला: दोन महिन्यांच्या आत बाजीरावाची चाकरी सोडून घरी परतणाऱ्यांना अभय, वतनं आणि इनामं चालू राहतील. जो सरदार अशा वेळी घरी बसला त्याला आपण फितूर म्हणतो. त्याच्यापुढे मुदत घालून ठेवलेला हा कागद कोणी वाचत नाही. पुढे त्याच इनामांची चौकशी इनाम कमिशननं केली. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं तिला पक्कं बळ मिळालं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सनदा दाखवण्याचं ओझं इनामदारांवर आलं.

‘वारस नव्हता, नियमानं खालसा झालं’

इथं सगळ्यात मोठी चूक आहे. वारस होते. साताऱ्याचे अप्पासाहेब (शहाजी) महाराज ५ एप्रिल १८४८ ला वारले, त्याच्या काही तास आधी त्यांनी दत्तक घेतला होता. झाशीच्या गंगाधररावांनी २१ नोव्हेंबर १८५३ ला प्राण सोडले, आदल्या दिवशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष दामोदररावांना दत्तक घेऊन. हिंदू धर्मशास्त्रात असा मुलगा औरसासारखाच वारस. तेव्हाचा गव्हर्नर जनरल डलहौसी यानंही दत्तक खोटा ठरवला नाही. त्यानं तो दोन तुकड्यांत कापला: पिंड द्यायला आणि खाजगी मालमत्तेला दत्तक ग्राह्य, गादीला मात्र कंपनीच्या मंजुरीशिवाय नाही.

आणि ही मंजुरी आधी मिळत होती. १८२७ मध्ये दौलतराव शिंदे निपुत्रिक वारल्यावर बायजाबाईंनी जनकोजीरावांना दत्तक घेतलं. १८४३ मध्ये जनकोजीराव गेल्यावर जयाजीराव दत्तक आले. दोन्ही वेळा ग्वाल्हेरची गादी राहिली. म्हणजे नियम असा एक नव्हताच. ‘सातारा आम्हीच निर्माण केलेलं राज्य’ हे डलहौसीचं कारण. पण २५ सप्टेंबर १८१९ चा तह प्रतापसिंह महाराजांशी झाला तेव्हा त्यात वारस आणि उत्तराधिकारी यांचा उल्लेख होता. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रियर आणि मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क हे दोघेही खालसा करण्याच्या विरोधात होते. ते कंपनीचेच नोकर, साताऱ्याचे वकील नव्हेत.

मग खरं कारण काय? डलहौसीनं ते ३० ऑगस्ट १८४८ च्या टिपणात लपवलेलं नाही. सातारा आपल्या मुलखाच्या मधोमध आहे, मुंबई इलाख्याच्या दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या मध्ये येतो, जमीन सुपीक, महसूल चांगला, रयत शांत. आणि मुलूख किंवा महसूल मिळवण्याच्या अशा रास्त संधी सरकारनं वाया घालवू नयेत. नागपूरच्या टिपणात त्यानं इंग्लंडला लागणाऱ्या कापसाचा विषय काढला: चांगला आणि स्वस्त कापूस वऱ्हाडच्या खोऱ्यात आणि लगतच्या जिल्ह्यांत पिकतो. ‘वारस’ हा शब्द दाराशी लावलेली पाटी होती, आतला हिशेब हा होता.

नागपुरात तर गादी आणि खाजगी मालमत्ता ही डलहौसीची स्वतःची फोडसुद्धा पाळली गेली नाही. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी भोसले वारले. साताऱ्यात ‘खाजगी मालमत्ता वारसाची’ म्हणणाऱ्या सरकारनं इथं राजवाड्यातलं जडजवाहीर राज्याचं धरलं. हत्ती, घोडे, बैल यांचा सीताबर्डीत लिलाव झाला, जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झालं. त्या पैशातून भोसले घराण्याच्या पेन्शनचा फंड उभा राहिला. घराण्याच्याच दागिन्यांतून घराण्याला पेन्शन.

‘बेबंदशाहीमुळे’

अयोध्येत कारभार ढासळला होता, यात वाद नाही. पण अर्धा मुलूख काढून घेतलेला, फौज रेसिडेंटच्या शब्दावर हलणारी, अशा दरबाराला जमीनदारांकडून वसुली करायची तर बळ कुठून येणार? खुद्द रेसिडेंट स्लीमन कारभारावर कडक टीका करत होता, तरी राज्य गिळंकृत करण्याच्या विरोधात होता. फेब्रुवारी १८५६ मध्ये त्याच्यानंतरचा रेसिडेंट आउट्रम यानं नवा तह पुढे केला, अयोध्येचा नवाब वाजिद अली शाहानं सही केली नाही, आणि राज्य सहीशिवायच घेतलं.

वऱ्हाडचा दाखला मला याहून बोलका वाटतो. १८०० च्या तहाप्रमाणे निजामानं युद्ध झालं तरच सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ पुरवायचं होतं. त्या कलमातून इंग्रज अंमलदारांची ‘कंटिंजंट’ फौज उभी राहिली आणि शांततेतही कायम राहिली. तिचा खर्च निजामावर. थकबाकी सुमारे ४३ लाखांवर गेली. २१ मे १८५३ ला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या कारभाराखाली गेले. हिशेब दाखवायचा आणि उरेल ते निजामाला द्यायचं, असं ठरलं. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत आले, पण त्याच तहात निजामाला हिशेब मागण्याचा हक्क सोडावा लागला. वऱ्हाड परत आलंच नाही. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं.

‘कंपनी बुडाली’

लढायांनी कर्ज वाढलं, हे खरं. ते फेडायचं कोणी, हा प्रश्न मजकुरात येत नाही. १८५६ मध्ये निघताना डलहौसीनं नव्या मुलखाचा वार्षिक महसूल पौंडांत मांडला: पंजाब १५ लाख, अयोध्या साडेचौदा लाख, निजामाचे जिल्हे ५ लाख, नागपूर ४ लाख १० हजार, सातारा दीड लाख, झाशी ५० हजार. ब्रह्मदेशातलं पेगू धरून बेरीज ४० लाख पौंडांच्या वर जाते.

भागधारकांचं तर १८३३ च्या कायद्यानंच भलं केलं होतं. ६० लाख पौंडांच्या भांडवलावर साडेदहा टक्के, म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड लाभांश, हिंदुस्थानच्या महसुलातून. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार गेला, तिचं कर्ज हिंदुस्थानच्या माथी आलं, लाभांश सुरूच राहिला. १८७४ मध्ये शेअर परत घेतले गेले ते शंभराला दोनशे या भावानं.