सहकुटुंब, सहपरिवार कोपनहेगन

यंदाच्या सुट्टीत घरचे बारा जण मिळून कोपनहेगनला निघालात? उत्तम. दोन भाऊ, दोन जावा, तीन मुलं, आई-बाबा, धाकटीचे आई-वडील आणि आत्या. एकाही गोष्टीवर एकमत होऊ नये, एवढं संख्याबळ जमलं आहे. शहर महाग आहे, म्हणजे पैसे वाया घालवायला वाव भरपूर. फक्त ते पद्धतशीर घालवले पाहिजेत, म्हणून चार सूचना.

सुरुवात व्हिसापासून करू नका. आधी परतावा न मिळणारी विमानाची तिकिटं काढा आणि मग मे महिन्यात अपॉइंटमेंट शोधायला बसा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण तेव्हा ग्रुपवर नुसते अंगठे दाखवण्याचं काम चालू असतं. फी मोठ्यांना 90 युरो, सहा वर्षांवरच्या आणि बाराच्या आतल्या मुलांना 45. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. प्रत्येकाचा 30,000 युरोंचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, तो एखाद्याचा दोन दिवस कमी काढावा. ऐनवेळी धावपळ नसेल तर सहल कसली?

हापूसची पेटी न्याच. आंब्याला युरोपीय संघात फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (म्हणजे कीड-रोग नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र) लागतं, कढीपत्त्यालाही. तूप, पनीर, खवा तर सामानातून आणायला बंदीच आहे. पण आपण कस्टमवाल्याला चव देऊ, मग तो ऐकेल. (केळी, खजूर आणि नारळ चालतात. पण केळी न्यायला तुम्ही कशाला एवढे पैसे भरताय?)

राहायला स्वस्तातला फ्लॅट घ्या आणि फोटोतल्या पांढऱ्या भिंती बघून बुक करा. मजला आणि लिफ्ट या बारीकसारीक गोष्टी विचारत बसू नका. जुन्या वस्तीतल्या इमारती चार-पाच मजली असतात, लिफ्ट बहुतेक नसतेच आणि लाकडी जिना असा अरुंद, की तेवीस किलोची बॅग आणि गुडघे दुखणारे सासरे यांतलं एकच काय ते एका वेळी वर जाईल. बाथरूमही एकच. शॉवर बऱ्याचदा कमोडच्या डोक्यावर, आणि अंघोळ झाली की कोपऱ्यातल्या रबरी पट्टीच्या वायपरने पाणी ओढून काढायचं. ते कुणीच काढणार नाही, मोजे मात्र सगळ्यांचे भिजतील.

घरून अ‍ॅल्युमिनियमचा कुकर न्या. शेगडी इंडक्शनची निघाली तर तो ढिम्म तापणार नाही, पण शोपीस म्हणून बरा दिसतो. फोडणी खिडकी बंद ठेवून करा, म्हणजे स्मोक अलार्मची चाचणीही होऊन जाईल.

विमानतळावरून ट्रेन पकडताना फलाटाची पाटी वाचू नका. कास्ट्रुपहून, म्हणजे विमानतळाच्या स्टेशनातून, एका दिशेची गाडी पंधरा मिनिटांत कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनात जाते, दुसऱ्या दिशेची पूल ओलांडून थेट स्वीडनला. दोन देशांचे फोटो होतील.

तिकिटं मोजून बाराच काढा. एका मोठ्या माणसाबरोबर बाराच्या आतली दोन मुलं फुकट जातात, हे तुम्हाला माहीत नसलेलंच बरं. मेट्रोला फाटक नाही म्हणून तिकिटच काढू नये, असं एक काका सुचवतील. तिकीट तपासनीस त्याच डब्यात असतो.

प्रवास आणि संग्रहालयांचा प्रवेश एकातच देणारं कोपनहेगन कार्ड घेतलंत तर 48 तासांचं घ्या आणि रात्री नऊला विमानतळावरच चालू करा. त्याचे तास सलग मोजले जातात, त्यामुळे सकाळी दहाला संग्रहालयं उघडेपर्यंत तेरा तास तुमचे घोरण्यात गेलेले असतील.

आता मुख्य सूचना. काहीही झालं तरी सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायचं. नऊला निघायचं ठरवा. बारा जण गुणिले पंधरा मिनिटं, एक बाथरूम: झाले तीन तास. शिवाय आईंचा चहा, पोरांची मॅगी आणि "माझा चार्जर कुणी घेतला". अमालिएनबोर्ग राजवाड्यासमोरचा पहारेबदल दुपारी बाराला असतो, शिपाई रोसेनबोर्ग किल्ल्याजवळून साडेअकराला चालत निघतात, आणि हा सगळा तमाशा चकटफू. तुम्ही पोहोचणार बारा वीसला. मग भूक लागली म्हणून न्यूहाऊनच्या कालव्याकाठी, म्हणजे शहरातल्या सगळ्यात पर्यटकी ओळीत, बारा खुर्च्यांचं टेबल मागायचं. आगाऊ बुकिंग? छे. चाळीस मिनिटं उभं राहायचं, तेही नेमकं सायकलींच्या पट्ट्यावर. घंटा वाजली की दचकून इकडे-तिकडे पळायचं आणि वर "काय उद्धट लोक!" म्हणायचं. टेबल मिळालं की मेन्यूत हेरिंग मासा निघणार, मग शाकाहारी कोण, अंडं कुणाला चालतं आणि आज वार कोणता, याची चर्चा. पाणी नळाचंच, पण बऱ्याच हॉटेलांत त्याचेही पैसे लावतात. ते कळलं की बाबा भरलेला ग्लास परत पाठवणार. हे उरकेपर्यंत तीन वाजलेले. ऊन लख्ख, जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सगळे निवांत. बरीच संग्रहालयं पाचला बंद होतात, सूर्याला विचारून नाही. मग उरलं तिवोली, पाळण्यांचं उद्यान. बाराच्या बारा प्रवेश तिकिटं काढायची, त्यातले पाच जण आत जाऊन बाकावर बसणार. मुलांना तिथे कळणार, की राइड्सचा पास वेगळा काढावा लागतो. मग रडारड.

आणि हे सगळं कशासाठी? "एकटं वाटेल" म्हणून? अहो, ज्येष्ठांना पिवळ्या हार्बर बसमध्ये बसवा, नेहमीच्या तिकिटावर बोटीतून सगळं बंदर दिसतं, पाय दुखत नाहीत. पोरांना C लाइनच्या एस-ट्रेनने, म्हणजे तिथल्या लोकलने, क्लाम्पेनबोर्गला, बाकेनला न्या. 1583 पासूनचं ते उद्यान, प्रवेश फुकट, फक्त पाळण्यांचे पैसे. ज्यांना चढायचंय त्यांनी क्रिस्तियानबोर्ग राजवाड्याच्या मनोऱ्यावर जावं, तोही फुकट आणि वर लिफ्ट जाते. मात्र सोमवारी बंद. संध्याकाळी सातला भेटा. एवढं साधं आहे. पण नाही, जलपरीचा पुतळा सगळ्यांनी एकत्रच बघायचा. ती सव्वा मीटरची आहे, 1913 मध्ये तिला दगडावर बसवलंय, तुम्ही दोन तुकड्यांत आलात तरी उठून जाणार नाही!

बिल आलं की मशीन विचारतं, रुपयांत की डेन्मार्कच्या क्रोनमध्ये. रुपये दाबा. भावातला फरक तुमच्याच खिशातून मुकाट्याने जातो.

आणि प्रत्येक किमतीला तेरा-चौदाने गुणत राहा, मोठ्याने. पंचेचाळीस क्रोनची कॉफी म्हणजे सहाशे रुपये, हो, कळलं. पहिल्या दिवशीच कळलं. हिशेब करायचाच होता तर घरी करायचा होता, बुकिंगच्या आधी. सुपरमार्केटमधला ब्रेड, चीज, दही आणि फळं घेऊन बागेत बसलं तर बाराजणांचं जेवण हॉटेलच्या तीन थाळ्यांत बसतं. रिकामे कॅन आणि बाटल्या मशीनमध्ये टाकल्या की एक ते तीन क्रोन परत मिळतात. हे सांगितलं तर "आपण काय भिकारी आहोत का" म्हणून नाक मुरडायचं, आणि रात्री खर्चाच्या नावाने उसासे टाकायचे!

खरं सांगायचं तर शहराचा काही दोष नाही. बारांपैकी एकजण चार महिने रात्री जागून तिकिटं, विमे, घर, वेळापत्रक सगळं बघतो. बाकीचे अकरा "तू ठरवशील ते चालेल" म्हणतात आणि तिथे पोहोचल्यावर एकालाही काहीही चालत नाही. पर्याय विचारले तेव्हा गप्प बसलात ना? मग आता तोंड बंद ठेवा. लिंक पाठवली जाते ती वाचायला. पासपोर्टची प्रत तीनदा मागायला लागू नये. नऊ म्हणजे नऊ, आणि तोवर जो तयार नसेल त्याने मागून मेट्रोने यावं, ती रात्रभर चालते. त्या एकाने स्वतःच्या कार्डावर अकराजणांचे पैसे भरलेत, त्यावर व्याज चालू आहे. "घरचाच माणूस आहे, देऊ की सावकाश" हे बंद करा. हिशेबाची शीट ग्रुपवर पिन केलेली आहे. उघडा, आपल्या नावापुढचा आकडा बघा आणि आज रात्री झोपायच्या आत पाठवा.