रेडिओहेडचं खरं वळण 'द बेंड्स'वरच आहे

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी 'ओके कंप्युटर'वर येते. बँड तिथे बदलला, त्याआधी चार चांगली गाणी आणि एक गाजलेलं 'क्रीप', असा सगळ्यांचा हिशेब ठरलेला असतो. १९९७ चा तो अल्बम थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बँड तिथे बदलला हे मला पटत नाही. तो बदलला दोन वर्षं आधी, मार्च १९९५ मध्ये, 'द बेंड्स' या दुसऱ्या अल्बमवर. नंतर जे काही भव्य झालं त्याचा पाया तिथे घातला गेला, आणि या अल्बमला नुसतं 'मधला टप्पा' म्हणून उरकून टाकलं की मला मनापासून वाईट वाटतं.

पहिला अल्बम 'पाब्लो हनी' १९९३ च्या फेब्रुवारीत आला. जेमतेम तीन आठवड्यांत रेकॉर्ड केलेला. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये एकाच शाळेत शिकलेली ही पाच पोरं, आणि त्यातले तिघं गिटारवाले: थॉम यॉर्क (गायकही तोच), जॉनी ग्रीनवुड, एड ओब्रायन. तो अल्बम आज सलग ऐका. बहुतेक गाण्यांत तिन्ही गिटार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदम वाजतात. आवाज भरलेला आहे, जोर आहे, पण कोण काय वाजवतंय हे कळत नाही, आणि कळावं अशी कुणाला गरजही वाटलेली दिसत नाही. त्या काळात अमेरिकेतून येणाऱ्या गोंगाटी गिटारची छाया त्यावर स्पष्ट आहे.

अपवाद एकच, आणि तो म्हणजे नेमकं 'क्रीप'. कडवं अगदी हळू चाललेलं असतं, आणि ध्रुवपद सुरू व्हायच्या आधी जॉनीची गिटार दोनदा खर्र-खर्र करून फाटते. जॉनीला गाण्याचा तो हळुवारपणा आवडत नव्हता, म्हणून त्याने तारांवर जोरात हात मारला, असं बँडमधल्याच लोकांनी सांगितलेलं आहे. गाणं बिघडवायला मारलेला तो हात गाण्याचा प्राण ठरला. शांतता ठेवली तर एक फटकासुद्धा पुरतो, हे त्या चार मिनिटांत सिद्ध झालं होतं. फक्त बँडला ते अजून उमगलेलं नव्हतं.

मग 'क्रीप' गाजलं. आधी इस्राएलमध्ये, मग अमेरिकेत, आणि १९९३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये पुन्हा बाजारात आणल्यावर तिथल्या खपाच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत. पाठोपाठ लांबलचक दौरे, रोज रात्री तेच गाणं. ते वाजलं की उठून निघून जाणारे प्रेक्षक. एका गाण्याने बँडला पोसलं आणि त्याच गाण्याने कोंडूनही घातलं.

१९९४ च्या सुरुवातीला ते लंडनच्या आरएके स्टुडिओत शिरले तेव्हा निर्माता होता जॉन लेकी. ॲबी रोड स्टुडिओमध्ये टेप सांभाळण्यापासून वर आलेला माणूस, आणि स्टोन रोझेस या बँडचा पहिला अल्बम करणारा. रेकॉर्ड कंपनीला लवकरात लवकर दुसरं 'क्रीप' हवं होतं. सुरुवातीचे आठवडे त्यामुळेच वाया गेले. एकेका गाण्याकडे 'हे हिट होईल का' याच नजरेने बघायचं, मग हातून काय घडणार? जॉनीने तर वेगळा आवाज सापडावा म्हणून दिवसच्या दिवस भाड्याने आणलेल्या गिटार आणि ॲम्प्लिफायर लावून पाहिले, आणि शेवटी आपल्या नेहमीच्या टेलिकास्टर गिटारवर परत आला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. नवा आवाज नव्या वाद्यात नव्हताच. तो कुठे वाजवायचं आणि कुठे थांबायचं, यात होता.

काम अडलं तसं ते मध्येच सोडून बँड दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्यातली मे १९९४ ची लंडनच्या ॲस्टोरियामधली मैफल रेकॉर्ड झाली होती, आणि 'माय आयर्न लंग' या गाण्याचं अल्बमवरचं वादन चक्क तिथलं आहे. प्रेक्षकांचा आवाज काढला, यॉर्कने स्वर नव्याने गायला, बाकी वाजवणं स्टेजवरचंच. हे गाणं म्हणजे 'क्रीप'ला दिलेलं उघड उत्तर आहे. ज्या यंत्रामुळे श्वास चालू आहे त्याच यंत्रात अडकून पडलेल्या माणसाची तडफड. आणि वाजवलंय कसं? सुरुवातीची गिटार सूर वर-खाली नेणाऱ्या व्हॅमी पेडलमधून वरच्या सप्तकात किणकिणते, खाली बेस निवांत चालतो, आणि मग सगळं एकदम कोसळतं. स्टेजवर ही गाणी अंगवळणी पडल्यावर परतून उरलेलं काम त्यांनी भराभर संपवलं.

आता ज्या गाण्यासाठी मी हे सगळं लिहितोय ते 'फेक प्लास्टिक ट्रीज'. हे कृपा करून हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला यॉर्क एकटा, साधी ॲकूस्टिक गिटार. मग मागून ऑर्गन इतका हळू येतो की तो कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. व्हायोला आणि चेलोचे सूरही आहेत, पण तेही मागेच. विद्युत गिटार बराच वेळ गप्प. तीन गिटारवाल्या बँडमधले दोघं जण आपली पाळी येईपर्यंत बसून आहेत! आणि तिसऱ्या कडव्यात त्या येतात तेव्हा छातीवर आदळतात, कारण तोवर त्यांच्यासाठी जागा राखून ठेवलेली असते. बैठकीत चांगला हार्मोनियमवाला गायकाची जागा संपेपर्यंत भात्यावरचा हात सैल ठेवतो आणि नेमक्या क्षणी सूर भरतो, तीच समज इथे आहे. 'पाब्लो हनी'च्या बँडने हेच गाणं पहिल्या ओळीपासून तिन्ही गिटार लावून संपवून टाकलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

त्या सुमारास ही मंडळी लंडनमध्ये जेफ बकली या अमेरिकन गायकाला ऐकायला गेली होती. एकटा माणूस, एक गिटार, आणि आवाज थेट वरच्या पट्टीत कोवळा होऊन जाणारा. परत येऊन यॉर्कने हे गाणं दोन टेकमध्ये गायलं आणि त्याला रडू कोसळलं, अशी आठवण बँडने सांगितली आहे. पहिल्या अल्बमवर तो ओरडताना दमदार वाटतो. इथे तो पुटपुटतानाही ऐकावासा वाटतो.

'जस्ट'मध्ये याच्या अगदी उलट आहे, तिथे गिटारचा नुसता पूर आहे. जॉनीचा तो पायरी-पायरीने वर चढत जाणारा तुकडा ऐका. तो चढत असताना बाकीचे त्याला चढू देतात. एकाच वेळी तिघांनी धावायचं नाही, हे आता ठरलेलं आहे. 'प्लॅनेट टेलेक्स'मध्ये ड्रमचा तुकडा फिरवून फिरवून वापरलाय आणि पियानो टेपच्या प्रतिध्वनीतून लहरत येतो. १९९५ मध्ये गिटार बँडने अल्बमचं पहिलंच गाणं असं ठेवणं ही छोटी गोष्ट नव्हती. शेवटच्या 'स्ट्रीट स्पिरिट'मध्ये तर एकच सुटं सुटं वाजणारं गिटारचं आवर्तन आहे, सोलो नाही, आणि त्यावर सगळं गाणं उभं आहे.

'बँड मोठा झाला, प्रगल्भ झाला' असं लोक म्हणतात तेव्हा मला त्यातून काहीच कळत नाही. यातली काही गाणी जुनीच होती. 'हाय अँड ड्राय' तर १९९३ चंच रेकॉर्डिंग आहे, जवळपास आहे तसं उचललेलं, आणि शीर्षकगीतही ते आधीपासून स्टेजवर वाजवत होते. माणसं तीच, बरीचशी सुरावट तीच. बदलला तो त्यांचा कान. एकमेकांचं वाजवणं त्यांना ऐकू यायला लागलं.

आणखी एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. त्या आरएके स्टुडिओत नायजेल गॉडरिच नावाचा तरुण इंजिनिअर होता. लेकी एका लग्नाला गेलेला असताना त्याने बँडबरोबर 'ब्लॅक स्टार' रेकॉर्ड केलं. 'ओके कंप्युटर'पासून पुढे प्रत्येक अल्बमवर त्याचा हात आहे. २०१५ मध्ये जॉनी जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्राएली संगीतकार शाय बेन त्झूर आणि राजस्थानी वादकांबरोबर 'जुनून' करत होता, तेव्हाही रेकॉर्डिंगला गॉडरिचच होता. त्या अल्बममध्ये जॉनी किती मागे राहून वाजवतो ते ऐका. ढोलक आणि पितळी फुंकवाद्यं पुढे, आणि हा जगप्रसिद्ध गिटारवाला कुठेतरी कोपऱ्यात. ही सवय त्याला 'द बेंड्स'पासून लागली, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडच्या कॉलेजच्या बँडमध्ये आजही 'क्रीप' हमखास वाजतं, आणि पोरं जीव ओतून वाजवतात, ते मला आवडतं. पण तिघं गिटारवाले असतील तर पुढचं गाणं 'फेक प्लास्टिक ट्रीज' बसवा. दोघांनी दोन कडवी हात बांधून उभं राहायचं. किती अवघड जातं ते सरावाच्या पहिल्याच दिवशी समजेल.

'पाब्लो हनी'च जास्त आवडणारे इथे बरेच आहेत, ठाऊक आहे. त्यांनी खाली जरूर लिहा, फक्त 'क्रीप' सोडून कोणतं गाणं ते सांगा. माझ्याकडून त्या अल्बममधलं 'ब्लो आउट'. शेवटचं गाणं आहे, आणि त्याच्या सुरुवातीला, सगळा गदारोळ सुरू व्हायच्या आधी, गिटार बिचकत बिचकत का होईना पण जागा सोडताना ऐकू येतात.