मांजराच्या अंगावर घातलेलं सगळं शेवटी त्याच्या पोटात जातं

शनिवारी संध्याकाळी साडेसातला बेल वाजली, दारात खालच्या मजल्यावरची मुलगी, हातात टॉवेलचं बोचकं आणि डोळ्यांत पाणी. काकू हे हलतच नाहीये. उघडून बघितलं तर दीड महिन्याचं पर्शियन पिल्लू, केस सगळे अंगाला चिकटलेले आणि पंजे, कान अगदी गारठलेले. शीच्या जागी घाण लागली होती, वास येत होता, म्हणून तिने बेबी शॅम्पू लावून अख्खी आंघोळ घातली, वरवर पुसलं आणि वाळायला बाल्कनीच्या दाराशी ठेवलं. डिसेंबर चालू आहे, पुण्यात कर्वेनगरला सध्या सातनंतर आपल्याला स्वेटर लागतोय आणि त्या जीवाचं वजन अर्धा किलो पण नसेल.

गरम पाण्याची पिशवी पंच्यात गुंडाळून पिल्लाच्या एका बाजूलाच ठेवली, म्हणजे जास्त गरम वाटलं तर त्याला सरकता आलं पाहिजे, आणि दुसऱ्या कोरड्या पंच्याने हळूहळू केस टिपत बसलो. ती बिचारी कोमट दूध करून आणते म्हणाली, तिला थांबवलं. गारठलेल्या पिल्लाला खायला घालायचं नसतं, अंग थंड असताना पोट काम करत नाही आणि घशातलं श्वासनलिकेत जायची भीती असते. आधी ऊब, मग खाणं. डॉक्टरांशी फोनवर बोलणं चालूच होतं. पाऊण तासाने त्याने तोंड उघडून एक बारीकसा आवाज काढला तेव्हा आम्ही दोघी रडलो, खरंच सांगते.

मी तिच्यावर एका शब्दाने चिडले नाही. कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः याच्यापेक्षा मोठी चूक केलेली आहे, ती आज पहिल्यांदा इथे लिहितेय.

आमची साखर, पांढरी, साधी देशी मांजर, रस्त्यावरून आणलेली. त्या पावसाळ्यात तिला पिसवा झाल्या. मी एका पेट शॉपमध्ये गेले, पिसवांचं शॅम्पू द्या म्हटलं, त्याने बाटली काढून दिली आणि म्हणाला, कुत्र्याचं आहे पण चालतं मॅडम, थोडं कमी लावा. मी कमी लावलं. सकाळी अकराला आंघोळ झाली, दुपारी साखर छान झोपली, पाचच्या सुमाराला तिचे कान फडफडायला लागले. नुसते कान. माशी बसल्यावर हलवतात तसे, पण माशी नव्हतीच. मला वाटलं थंडी वाजतेय, शाल टाकली. सातपर्यंत पाठीची कातडी लाटेसारखी हलत होती, तोंडातून लाळ आणि मागचे पाय धरत नव्हते. पावसात रिक्षा मिळेना, शेवटी नवऱ्याने स्कूटर काढली आणि मी तिला पोटाशी धरून मागे बसले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, अंगाला काय लावलं? बाटली नशिबाने पिशवीत टाकली होती. त्यांनी ती उलटी करून, चष्मा वर सरकवून, मागची बारीक अक्षरं वाचली. परमेथ्रिन, म्हणजे किडे मारायचं औषध. त्याच्या खालीच लिहिलं होतं, फक्त कुत्र्यांसाठी. तांदळाच्या दाण्याहून लहान अक्षरात, पण लिहिलं होतं. मग कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विडने परत धुणं, सलाईन, झटके थांबवायची इंजेक्शनं. दोन रात्री ती तिथे होती. वाचली.

तेव्हा डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. काही रसायनं शरीराबाहेर टाकायला लिव्हरमध्ये जी एन्झाइम्स लागतात ती मांजरात फार कमी असतात. कुत्रा पचवतो, माणूस पचवतो, मांजर नाही पचवू शकत. आपल्या घरातली साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते ती पण याच कारणाने. परमेथ्रिन तर कातडीतूनही आत जातं, आणि वरून मांजर अंग चाटणार ते वेगळंच.

आणि माझं सगळं म्हणणं या चाटण्यावरच आहे. आपण आंघोळ झाली की अंगावरचं सगळं मोरीत वाहून गेलं असं धरून चालतो. मांजराचं तसं नसतं. साबणाचा फेस, अत्तर, पावडर, जंतुनाशक, कडुनिंबाचं तेल, जे काही केसांवर राहील ते जिभेवरून पोटात जाणार, आणि तेही त्याच दिवशी, कारण जागं असतं त्यातला खूप मोठा वेळ मांजर स्वतःला साफ करण्यातच घालवतं. म्हणून माझा नियम एकच आहे, जे मांजराला चमच्याने पाजायची आपली हिंमत नाही ते अंगाला लावायचं नाही. मांजराचं म्हणून मिळणारं शॅम्पू पण याला अपवाद नाही, ते सुद्धा भरपूर पाण्याने पूर्ण निघालं पाहिजे.

आता मूळ प्रश्न, आंघोळ घालावीच का? माझ्या मते धडधाकट, आखूड केसांच्या, घरात राहणाऱ्या मांजराला आयुष्यभर एकदाही आंघोळ घातली नाही तरी काही बिघडत नाही. आमच्या सासूबाईंना हे पटायला वर्ष लागलं, त्यांचं म्हणणं देवघरात जातं ते बिनआंघोळीचं कसं चालेल. मी त्यांना साखरेची जीभ हाताला लावून दाखवली, खरखरीत कानशीसारखी. त्या जिभेवर बारीक काटे असतात आणि २०१८ साली अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं की ते काटे टोकाला पोकळ असतात, पन्हाळीसारखे, त्यात लाळ भरली जाते आणि थेट केसांच्या मुळापर्यंत पोचते. म्हणजे मांजर कोरडं चाटत नाही, रोज कितीतरी वेळा पाण्यानेच अंग धुतं. सासूबाई म्हणाल्या, अगं मग ती माझ्यापेक्षा जास्त आंघोळी करते. आता देवघराचा विषय बंद आहे.

आणि मांजराला वास यायला लागला तर आधी आंघोळ नाही, आधी डॉक्टर. निरोगी मांजराला वास येत नाही. वास येतोय म्हणजे दात किडलेत, कान बिघडलाय, कुठे जखम पिकलीय किंवा त्याने स्वतःला साफ करणंच सोडलंय. म्हातारं मांजर सांधे दुखतात म्हणून पाठीपर्यंत वळू शकत नाही, फार जाड झालेल्याचं तोंड शेपटीपर्यंत पोचत नाही. तिथे शॅम्पूने वास जातो आणि दुखणं आत तसंच राहतं, याचा मला मनापासून राग येतो.

पण आंघोळ घालावीच लागते अशा वेळाही असतात, आणि त्या पुण्यात सारख्या येतात. विसर्जनाच्या दिवशी आमचा बोका गोट्या गुलालात लोळून आला, पाठ सगळी गुलाबी. रंगपंचमीला तेच. गाडीखाली झोपून काळं ऑइल लावून येणारे आहेतच. इथे पाणी लागतंच, कारण हे चाटलं तर पोटात विष. गेल्या वर्षी सोसायटीला रंग देत असताना एका मांजराच्या शेपटीला ऑइल पेंट लागला आणि वॉचमनदादा चांगल्या मनाने थिनर घेऊन आले. मंडळी, हे मात्र पाठ करून ठेवा, रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन कधीच नाही. कातडी भाजते, आणि चाटताना थोडं जरी फुप्फुसात गेलं तरी न्यूमोनिया होतो. वाळलेला रंग असेल तर तेवढे केस कापून टाकायचे. उंदराच्या चिकट पॅडवर पाय अडकला असेल तर ओढायचं नाही, स्वयंपाकाचं गोडेतेल चोळत चोळत सोडवायचं आणि मग धुवायचं.

लांब केसांच्या पर्शियनचं थोडं वेगळं, त्यांना अधूनमधून लागते, पण तिथेही खरं काम रोजच्या कंगव्याचं आहे. केस नसलेली स्फिंक्स जात तर दर आठवड्याला वगैरे धुवावी लागते कारण अंगावरचं तेल शोषायला केसच नसतात. गजकर्ण झालं असेल तर औषधी आंघोळ डॉक्टर सांगतील तशीच, आणि ते आपल्यालाही होतं, हात सांभाळा.

घालायचीच वेळ आली तर मी कशी घालते ते सांगते. आदल्या दिवशी नखांची टोकं कापून ठेवते, लगेच आधी कापायला गेलं की ते आधीच बिथरतं. आंघोळीआधी कंगवा फिरवायचाच, केसात गाठ असेल आणि ती भिजली तर आवळून बसते आणि मग कात्रीशिवाय निघत नाही. वेळ दुपारी बारा-एकची, ऊन असताना. आमच्या बाथरूमची फरशी ओली झाली की निसरडी, आणि मांजर घाबरतं त्यात पाण्यापेक्षा पाय घसरण्याचा वाटा मोठा आहे असं माझं अनुभवाचं मत आहे, म्हणून प्लास्टिकच्या टबच्या तळाशी जुना टर्किश टॉवेल अंथरते. गोट्या पहिल्या वेळी नळावर चढला होता, टॉवेल घातल्यापासून पंजे त्यात रुतवून उभा राहतो, ओरडतो पण उभा राहतो. पाणी चार बोटं, सगळं बादल्यांत आधीच काढून ठेवलेलं, कारण गिझर आणि नळाचा आवाज चालू असला की संपलं. कोपर बुडवून बघायचं, बाळाच्या पाण्यासारखं कोमट. मांजराचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण १०१ फॅरनहाइट, त्यामुळे आपल्याला ठीक वाटणारं पाणी त्याला गारच लागतं. शॉवर नको, डोक्यावर मग ओतणं तर मुळीच नको. मानेपासून खाली हाताने पाणी घ्यायचं, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. माणसाचं शॅम्पू आपल्या कातडीच्या आम्लतेप्रमाणे केलेलं असतं, मांजराची कातडी त्यापेक्षा बरीच न्यूट्रल असते, त्यामुळे बेबी शॅम्पू सुद्धा त्यांच्यासाठी नाही. आणि जंतुनाशक लिक्विडचं एक झाकण पाण्यात टाकायची आपल्याकडे सवय आहे, पाण्यात टाकल्यावर पांढरं होतं ते. त्यातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराला विषच.

मग टॉवेलने रगडायचं नाही, दाबून टिपायचं, दोन-तीन टॉवेल लागतात. ड्रायर आमच्याकडे तरी चालत नाही. खोलीचं दार बंद करून उन्हाच्या पट्ट्यात सोडायचं आणि आपण शांत बसायचं. मधेच फारच झटापट करायला लागलं, तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर अर्ध्यात थांबायचं, फेस तेवढा काढून टाकायचा. मानगूट धरून दाबून आंघोळ उरकणारे ग्रूमर पण मी बघितलेत, तिथे देऊ नका. शांत राहायला काहीतरी देतो म्हणाले तर सरळ मांजर उचलून घरी या, ते काम डॉक्टरांचं.

एक अजून, घरात दोन मांजरं असतील तर. विसर्जनाच्या आंघोळीनंतर साखर गोट्यावर फिस्कारली, चार वर्षं एका गादीवर झोपणारी ती दोघं. त्याचा ओळखीचा वास धुऊन गेला होता, तिच्या दृष्टीने घरात परका बोका शिरला. पूर्ण वाळेपर्यंत वेगळं ठेवा आणि दोघांच्या अंथरुणाचं एकच फडकं दोघांना लावा. आमच्याकडे निवळायला दोन दिवस लागले.

खालचं पिल्लू रविवारी डॉक्टरकडे जाऊन आलं, ताप-बीप नाही, खातंय. शीच्या जागचे केस तेवढे कापून घेतलेत, आता तिथे कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पुरतं. मुलीने तुळशीबागेतून बारीक दातांचा कंगवा आणलाय. काल मी गेले तेव्हा पिल्लू उशीवर बसून पुढचा पाय चाटत होतं, मधेच तोल जाऊन पडायचं, परत उठून तोच पाय. कर्वेनगर, वारजे, कोथरूडमधल्या कुणाला पहिल्यांदा आंघोळ घालायची वेळ आली आणि भीती वाटत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, रविवारी दुपारी मी येईन. तीन टॉवेल काढून ठेवा आणि शॅम्पूच्या बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो आधी पाठवा.