पुसलेलं घड्याळ

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. टेल्युराइडचा चित्रपट महोत्सव आणि जुने अमेरिकी फोटो यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही 'परक्याच्या आठवणींवर गहिवरणं' म्हणालात. शिवाय विचारलंत, या स्मरणरंजनात मूळ निवासी कुठे आहेत, कामगार कुठे आहेत?

लेखापुरतं बोलायचं तर कुठेच नाहीत. टेल्युराइड या कोलोरॅडोतल्या खाणगावाचं १९१३ सालचं ऑपेरा हाउस मी रंगवून सांगितलं, १८८९ मध्ये बुच कॅसिडी या दरोडेखोरानं तिथली बँक लुटली तेही चवीनं सांगितलं. पण तो सगळा डोंगराळ मुलूख १८७३ च्या करारानं तिथल्या मूळ निवासी यूट लोकांच्या हातून गेला आणि १९०४ मध्ये युनियनवाल्या खाणकामगारांना हत्यारबंद गावकऱ्यांनी आगगाडीत बसवून हाकलून दिलं, हे राहिलं. दरोडेखोरात रंगत असते, संपकऱ्यात ती शोधावी लागते. मी शोधली नाही.

मात्र जुना फोटो म्हणजेच स्मरणरंजन, हे मला पटत नाही. एडवर्ड कर्टिस या अमेरिकी छायाचित्रकाराचं उदाहरण घ्या. १९१० च्या सुमारास त्यानं पीगन या मूळ निवासी जमातीतल्या दोघा बापलेकांचा त्यांच्या तंबूत बसलेला फोटो काढला. दोघांच्या मधे एक घड्याळ होतं. छापलेल्या चित्रातून ते पुसलं गेलं. कर्टिसला लोप पावणारे लोक दाखवायचे होते, आणि लोप पावणाऱ्यांनी वेळ कशाला बघायची! पण न पुसलेली प्रतही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहे, आणि तिच्यात ते घड्याळ अगदी ठसठशीत दिसतं. म्हणजे कॅमेऱ्यानं खरं तेच टिपलं होतं. गहिवर नंतर, हातानं भरला.

दुसरं उदाहरण तुम्हाला नक्की माहीत असेल. १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ, आणि डोरोथिया लँगनं टिपलेली ती चिंताक्रांत आई. मंदीच्या काळातल्या सोशिक गोऱ्या शेतकरी बाईचं प्रतीक म्हणून अमेरिकेनं तो फोटो डोक्यावर घेतला, १९९८ मध्ये ३२ सेंटचं टपाल तिकीटही काढलं. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे जगाला १९७८ मध्ये कळलं. ती चेरोकी, म्हणजे मूळ निवासी होती. आपल्याला या फोटोतून एक पैसाही मिळाला नाही, ही तिची तक्रार होती. तेव्हा मूळ निवासी कुठे, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की देशातल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोत, अगदी मधोमध! फक्त चाळीसेक वर्षं कुणी तिला नाव-गाव विचारलं नाही.

राहता राहिलं 'परक्याच्या आठवणी'. १९७९ मध्ये टेल्युराइडला दिग्दर्शक आबेल गान्सचा १९२७ सालचा 'नेपोलियन' हा फ्रेंच मूकपट उघड्यावर दाखवला गेला. गान्स ८९ वर्षांचा होता. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून तो हॉटेलच्या खिडकीतून बघत होता. खाली अमेरिकी प्रेक्षक ब्लँकेटं गुंडाळून, फ्रान्सचा इतिहास बघत बसलेले. आता यांतलं कोण कुणाच्या आठवणींवर गहिवरत होतं, तुम्हीच ठरवा. मी तरी त्यांना नावं ठेवणार नाही.

मूळ लेखात यूट लोक आणि १९०४ ची हकालपट्टी या दोन्हींची भर घातली आहे. बुच कॅसिडीला मात्र काढलेलं नाही.